दोन इंचांची पाणजाई

गेम बनवायला आम्हाला साडेचार वर्षं लागली आणि त्या साडेचार वर्षांत सांगण्यासारखं जवळजवळ काही घडलं नाही. तीन माणसं तीन स्क्रीनसमोर बसून होती, बस्स! मग आम्ही गेमचं कव्हर करायला घेतलं. काम पंधरा दिवसांचं, लागले चार महिने. आणि तेवढ्यात इतके किस्से साठले की आता कुणाच्या बारशाला गेलो तरी गेमबद्दल कुणी विचारतच नाही. 'ए, तो थाळीवाला सांग ना,' म्हणतात.

थाळीवालाच आधी सांगतो. पण त्याआधी माणसं ओळखून घ्या. मी मंदार, बदलापूरचा. कोडिंग माझं. चित्रं वैदेहीची, ती अंबरनाथच्या बुवापाड्यातली. आणि आवाज, संगीत आणि जगातल्या कुठल्याही माणसाशी गप्पा मारणं हे खातं हरेशचं. हरेश उल्हासनगरचा. कॅम्प दोनमध्ये त्याच्या वडिलांचं, म्हणजे लच्छूअंकलचं, साड्यांचं दुकान आहे. दुकानाच्या वरच्या खोलीतले खोके जरा सरकवून आम्ही तीन टेबलं मांडली होती. तेच आमचं ऑफिस.

गेमचं नाव 'पाणजाई'. पाणजाई ही एक पाणाडी मुलगी. हातात दुबेळक्याची, म्हणजे दोन फाटे फुटलेली, काठी धरून जमिनीखालचं पाणी शोधणारी. कोरड्या पडलेल्या मुलखात ती सात विहिरी शोधत फिरते आणि प्रत्येक विहिरीत एक आसरा, म्हणजे पाण्यातली देवी, बसलेली असते. एक कोडं घालते, एक भांडते, एक तर नुसती रुसून बसते. एवढं कळलं की पुरे.

* * *

पहिलं कव्हर वैदेहीने सात आठवडे रंगवलं. मधोमध वरून पाहिलेली गोल विहीर. भोवती सात आसरा, सात रंगांची लुगडी नेसून बसलेल्या. मागे डोंगर, डोंगरावर देऊळ, देवळावर चंद्र आणि एका कोपऱ्यात लाल लुगड्यातली पाणजाई. लुगड्यांच्या काठावरची नक्षी तर झूम करकरून बघावी! मी आणि हरेश पाच मिनिटं गप्प बसून बघत होतो. हरेश पाच मिनिटं गप्प, म्हणजे चित्र काय असेल याचा अंदाज करा.

मग ते स्टोअरच्या पानावर चढवून पाहिलं. आता गंमत अशी, की ऑनलाइन स्टोअरमध्ये तुमचं कव्हर कुणी मोठं करून बघत नाही. शेकडो गेम्सची यादी असते आणि त्यात प्रत्येकाला पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा. माणूस यादी सरकवत जातो, एखाद्या चित्रावर डोळा अडकला तर थांबतो. नाही अडकला तर तुमची साडेचार वर्षं वर सरकून गेली!

तेवढ्यात लच्छूअंकल एक खोका न्यायला वर आले. कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं.

"हीउ छा आहे?" त्यांनी सिंधीत विचारलं.

"पप्पा, आमचं कव्हर. नीट बघा."

अंकलनी नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"अरे वा! थाली! सात-सात कटोरी! अनलिमिटेड है क्या?"

आम्ही पुन्हा पाहिलं. आणि खरं सांगतो, त्यानंतर आम्हाला देव्या दिसल्याच नाहीत! पिवळी आसरा वरण, हिरवी पालकाची भाजी, पांढरी दही. वरती चंद्र नव्हे, लिंबाची फोड. हरेशने शेवटचा प्रयत्न केला. कोपऱ्यातल्या पाणजाईवर बोट ठेवून म्हणाला, "पप्पा, ही बघा, ही आमची हिरॉइन."

अंकल वाकले, डोळे बारीक केले, आणि समजुतीने म्हणाले, "हाँ हाँ. साइड में मिरची."

* * *

आम्ही दोघं हसून हसून खोक्यांवर आडवे झालो. वैदेही हसली नाही. तिने बॅग उचलली आणि गेली. पुढचे तीन दिवस आलीच नाही. फोन केला की "ताप आहे" एवढंच. तिसऱ्या दिवशी आम्हाला आमच्या हसण्याची लाज वाटायला लागली. लच्छूअंकल तर दर तासाला जिन्यातून विचारायचे, "आई क्या?"

चौथ्या दिवशी ती आली ती बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन. टेबलावर उपडा केला. आतून चामड्याचे पॅच पडले, जीन्सच्या मागे कमरेपाशी शिवतात ते. कुणावर वाघ, कुणावर गरुड, कुणावर उधळलेला घोडा.

आमच्याकडे येण्याआधी सहा वर्षं ती कॅम्पातल्या एका लेबलच्या कारखान्यात हे पॅच डिझाइन करायची. आम्हाला तिने कधी सांगितलंच नव्हतं.

"कुणी विचारलं तर मी 'आर्टिस्ट आहे' एवढंच म्हणायचे," ती म्हणाली. "दोन इंचांत घोडा काढायचे मी. गर्दीत चालत्या माणसाच्या कमरेवर तो घोडाच दिसायचा, गाढव नाही दिसायचं! मग तुमच्याकडे मोठं चित्र काढायला मिळालं आणि मी ते सगळं विसरले. मुद्दाम विसरले."

तिने एका पुठ्ठ्याला दोन इंचांची खिडकी कापली आणि कोऱ्या कागदावर ठेवली. "आता आधी एवढ्यात काढणार. एवढ्यात जे ओळखू येईल तेच मोठं करणार."

त्या खिडकीतून सहा आसरा गेल्या, सातवी गेली, डोंगर गेला, देऊळ गेलं. उरली ती रात्रीच्या चंद्राखाली विहिरीच्या काठावर काठी धरलेली एकटी पाणजाई.

दुपारी लच्छूअंकल घरून डाळ-पकवानाचा डबा घेऊन वर आले. नवा कागद बघून म्हणाले, "ये सही है. दुकान में इतनी साड़ी है, पण पुतले को मैं एकच पहनाता. दस पहनाऊँगा तो गठरी दिखेगी." मग घुटमळले. "बेटा, मैंने मिरची बोला, उसका बुरा लगा क्या?"

"नाही अंकल," वैदेही म्हणाली. "थाळी म्हणालात त्याचं लागलं. मिरची बरोबर होती."

* * *

चित्र मार्गी लागलं, मग नाव. बाहेरच्या देशातले लोकही गेम घेणार म्हणून नाव इंग्रजी अक्षरांत. वैदेहीने प्रत्येक अक्षराला वेली काढल्या, 'जे'ची शेपटी 'ए'मध्ये गुंफली. देखणं काम! आणि यावेळी शहाणे होऊन आम्ही परीक्षा घ्यायची ठरवली. मोबाइलवर कव्हर दोन सेकंद दाखवायचं, फोन पाठीमागे लपवायचा आणि विचारायचं, "काय दिसलं?"

रविवारी सकाळी बुवापाड्यात वैदेहीच्या दारात बायका निवडण-टिपण करत बसल्या होत्या. पहिला नंबर तिच्या आईचा.

"पंजाबी," आई म्हणाली.

"काय पंजाबी?"

"ड्रेस गं. पंजाबी ड्रेस."

शेजारच्या शोभाकाकूंनी दुजोरा दिला. "हो, ती मुलगी मापाची पट्टी घेऊन उभी आहे की!" तिसऱ्या बाईंनी तर थेट विचारलं, "सेल कधीपर्यंत आहे?"

वैदेहीने आठवडाभर बसून सगळ्या वेली उपटल्या. जाड, सरळ, एसटीच्या पाटीवर असावीत तशी अक्षरं केली. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. शोभाकाकूंना दोन सेकंद फोन दाखवला.

"पा-न-जा-ई," काकूंनी एका दमात वाचलं.

आम्ही उड्याच मारल्या! वैदेहीने काकूंना मिठी मारली. काकू बिचाऱ्या गोंधळून म्हणाल्या, "म्हणजे पंजाबीचं बंद केलंत का?"

* * *

आमच्यातल्या कुणीच खरा पाणाडी कधी पाहिलेला नव्हता. शेवटी ओळखीपाळखीतून जांभूळ गावातले गोमादादा सापडले. पंचाहत्तरी ओलांडलेले, काटक, डोक्याला टॉवेल. अंगणात बसवून आम्हाला कोरा चहा दिला. वैदेहीने टॅबवर पाणजाई दाखवली.

दादांनी बराच वेळ पाहिलं. "ही पानी शोधतंय का चोर?"

"का हो दादा?"

"मंग बंदूक धरल्यावानी काठी कशाला धरलीय?"

ते उठले, कुंपणापलीकडच्या उंबराची दुबेळकी कापली आणि आम्हाला धरून दाखवली. तळवे आभाळाकडे, कोपरं बरगड्यांना टेकलेली. "काठीला आपन नाय धरायचा," ते म्हणाले. "काठीनं आपल्याला धरायचा."

मग अनवाणी चालायला लागले. आम्ही मागे. रस्ता ओलांडून पडीक जमिनीत शिरले. दहा पावलं, वीस पावलं. आणि एकदम काठीचं टोक खाली झुकलं! दादांची मनगटं थरथरत होती. चेहऱ्यावर ना आनंद ना भीती, मागून कुणीतरी नावाने हाक मारल्यावर माणसाचा होतो तसा चेहरा. वैदेही बघतच राहिली. मग खाली मातीत बसून तिने अर्ध्या मिनिटात एक रेखाटन केलं. आमच्या कव्हरवरची पाणजाई आज जी आहे ती तीच. त्यानंतर तिने त्या चेहऱ्याला हात लावला नाही.

"हिथं पानी हाय," दादा म्हणाले. "रग्गड हाय."

माझ्या अंगावर काटा आला. हरेश मात्र चार पावलं पुढे जाऊन गवतात बघत होता. तिथे लोखंडी झाकण होतं आणि शेजारी खुणेचा दगड.

"अहो दादा," तो ओरडला, "इथून तर वॉटर वर्क्सची पाइपलाइन गेलीय!"

गोमादादांनी काठी शांतपणे खांद्यावर टाकली.

"मंग? त्यात पानीच हाय ना?"

* * *

हा किस्सा छोटासा आहे. हरेशने कुठेतरी वाचलं, की फँटसी गेमच्या कव्हरवर ड्रॅगन असला की लोक थांबतात.

"एक टाक ना. छोटासा. कोपऱ्यात."

"आपल्या गेममध्ये ड्रॅगन आहे?" वैदेहीने विचारलं.

"नाही."

"मग कव्हरवर कसा येईल? लोक आत जाऊन शोधत बसतील आणि शिव्या घालतील. फसवायचं नाही कुणाला."

हरेश गालात हसला. याची तो वाटच बघत होता. "तू जीन्सवर घोडा काढायचीस. आत घोडा असायचा का?"

मला वाटलं, झालं, वैदेही संपली! तिने मानही वर केली नाही.

"जीन्स घालणाऱ्याला माहीत असतं आत कोण आहे ते."

दोन दिवस हरेश तोंड पाडून बसला. तिसऱ्या दिवशी बारीक आवाजात म्हणाला, "घोरपड? घोरपड तर आहे ना आपल्या गेममध्ये?" होती. पाणजाईबरोबर फिरायची. वैदेहीने हसत हसत विहिरीच्या काठावर एक घोरपड चढवली. गेम आल्यावर परदेशातल्या एका खेळाडूची पहिलीच प्रतिक्रिया होती, 'तो छोटा ड्रॅगन फार गोड आहे!' हरेशने त्याची प्रिंट काढून वैदेहीच्या टेबलासमोर चिकटवली. अजून आहे.

* * *

आता बाबांचं सांगतो. माझे बाबा अंबरनाथच्या एका केमिकल फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोल ऑफिसर होते. रिटायर झाले, पण क्वालिटी कंट्रोल सुटलं नाही. माझ्या गेमबद्दल मात्र साडेचार वर्षांत त्यांनी एक प्रश्न विचारला नव्हता. कुणी चौकशी केली की म्हणायचे, "मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे," आणि विषय बदलायचे. मला ते लागायचं. बोललो कधी नाही.

एका दुपारी घरी मी कव्हरचे चार नमुने उघडून बसलो होतो. बाबा मागे येऊन उभे राहिले.

"यातलं पास कुठलं?"

"तिघांना जे आवडेल ते."

"आवडेल? हा काय निकष झाला?"

त्यांनी माझ्याकडून स्टोअरच्या पानाची आणि चारही नमुन्यांची रंगीत प्रिंट मागून घेतली. कात्री, डिंक घेऊन बसले. स्टोअरवरच्या पन्नासएक कव्हरांच्या मध्ये आमची चार चिकटवली आणि तो तक्ता हॉलच्या भिंतीवर लावला. चष्मा काढून समोरच्या टोकाला खुर्ची टाकली. संध्याकाळपर्यंत घरात जो येईल त्याला तिथे उभं करून एकच प्रश्न, "पटकन कुठलं दिसतं?" आईला विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं, वरच्या मजल्यावरच्या जोशीबाईंना खास बोलावून विचारलं. आमच्या चारांपैकी एकही कुणी दाखवलं नाही!

"नमुना एकटा तपासायचा नसतो, मंदार," बाबा म्हणाले. "लॉटमध्ये ठेवून तपासायचा. बघ, सगळे निळे-जांभळे. तुमचंही निळं-जांभळं. रात्र आहे, चंद्र आहे, सगळं मान्य. पण रिजेक्ट."

 चार महिने झाले होते आणि आता पुन्हा पहिल्यापासून! बाबा उठून स्वयंपाकघरात गेले आणि मिसळणाच्या डब्यातली हळदीची वाटी घेऊन आले. एका कागदावर चिमूटभर हळद चोळली, चौकोन कापला, तक्त्यावर लावला. मागे सरकून बसले.

"हा दिसतो."

मी त्याचा फोटो वैदेहीला पाठवला. तिचं एका ओळीत उत्तर आलं, 'बाबांना नमस्कार सांग.' दोन दिवसांत रात्र गेली, चंद्र गेला. भर उन्हातलं हळदीपिवळं रान, त्यात काळसर विहीर, झुकलेली काठी आणि तो हाक ऐकलेला चेहरा. तक्त्यावर लावलं. जोशीबाई दारातूनच म्हणाल्या, "ते पिवळं!"

बाबांनी प्रिंटच्या मागे लिहिलं, 'तपासले. पास.' खाली तारीख, खाली सही.

त्याच आठवड्यात ते साताऱ्याच्या काकांशी फोनवर बोलत होते. मी बाहेरच्या खोलीत होतो. "मंदार? गेम बनवतो तो," बाबा सांगत होते. "हो हो, खेळायचाच. अहो, सोपं आहे. कॉम्प्युटर उघडा. पिवळं दिसेल ते आमचं!"

* * *

गेम आला. धो धो चालला असं नाही, पण लोक थांबले, उघडून बघितलं, खेळले. दुसरा करायला घेण्याइतका हुरूप आला. आणि लच्छूअंकलना इतका आनंद झाला, की त्यांनी कुणाला न विचारता कव्हरचा माणसाच्या उंचीचा फ्लेक्स छापून आणला आणि दुकानाबाहेर शटरशेजारी टांगला.

त्या आठवड्यात गल्लीत चार दिवस पाणी नव्हतं. कुठेतरी खोदकाम चाललं होतं. बायका कॅन घेऊन इकडून तिकडे. दुपारी वैदेही खिडकीत उभी होती, तिने आम्हाला हाक मारली. खाली एक मावशी रिकामा कॅन खाली ठेवून फ्लेक्ससमोर उभ्या होत्या. त्यांनी पिवळं रान पाहिलं, विहीर पाहिली, पाणजाईचा चेहरा पाहिला. हात जोडले. केसातलं जास्वंदीचं फूल काढून फ्लेक्सच्या दोरीत खोवलं आणि कॅन उचलून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाणी आलं. असं आलं, की चार बिल्डिंगच्या टाक्या भरून वाहायला लागल्या!

बाराच्या सुमारास आम्ही खाली उतरलो, तर दुकानासमोर सात-आठ बायका. फ्लेक्सला हळद-कुंकू लागलेलं, खाली नारळ, केळ्यात खोचलेल्या उदबत्त्या. घोरपडीच्या पायाशीही दोन फुलं. साडी घ्यायला आलेली गिऱ्हाइकं चपला बाहेर काढत होती. आणि लच्छूअंकल डोक्यावर रुमाल टाकून हात जोडून उभे होते. आम्हाला बघून हळूच म्हणाले, "बेटा, अब ये नहीं निकलेगा."

कालच्या मावशी पुढे झाल्या. त्यांनी हरेशला धरलं.

"बाबा रे, ही कुठली देवी? देऊळ कुठं आहे हिचं? दर्शनाला जायचंय मला."

हरेशने माझ्याकडे पाहिलं. मी वैदेहीकडे पाहिलं. वैदेहीने दुकानाच्या छताकडे. शेवटी हरेशने हात जोडले आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "मावशी, सध्या फक्त कॉम्प्युटरवर आहे. मोबाइलवर दिवाळीत येणार."

मावशींनी मान डोलावली. कमरेच्या पिशवीतून फोन काढला, पदराने पुसला, पाणजाईच्या पायाशी टेकवला.

"माझा जरा जुना आहे," त्या म्हणाल्या. "चालेल ना तिला?"